मेमरीला हळदकुंकू

केशोरावांच्या संगणकाने गेल्या रविवारी त्यांचा घात केला. अर्जुनी मोरगावच्या या निवृत्त संस्कृत शिक्षकांनी जिल्ह्यातील अकरा प्रौढ विद्यार्थ्यांसाठी संगणकावरून सुभाषितांचा वर्ग आरंभिला होता. ऐन पठणात यंत्र गोठले आणि गुरुजींचे उघडे मुख अकरा घरांत पाच मिनिटे तसेच दिसत राहिले. सडक अर्जुनीचे बियाण्यांचे व्यापारी चंद्रकुमार यांनी त्याच सायंकाळी फोनवरून कळविले, "गुरुजी, पुढच्या रविवारी बी अटकलं तं वर्ग बंदच करून टाकू जी."

वर्ग बंद होणे केशोरावांस मान्य नव्हते. मेमरी वाढविली की संगणक चपळ होतो, हे ज्ञान त्यांनी गोंदियाच्या एका दुकानातून संपादिले आणि आठ जीबीची पट्टीही तेथूनच आणली. ती बसविण्याची विद्या एका चित्रफितीतून आत्मसात केली. रविवारी दुपारी तीनला, वर्गास दोन तास असताना, त्यांनी आत्मविश्वासाने संगणकाची पेटी उघडली.

परंतु नवी वस्तू पूजेवाचून वापरात आणणे त्या घरास ठाऊक नव्हते. सायकल असो वा पाण्याची मोटार, आधी हळदकुंकू. पट्टीची सोनेरी कड हेच तिचे मुख, असा निर्णय करून त्यांनी तेथेच ओली हळद आणि कुंकू लाविले. मग आत बसलेल्या जुन्या पट्टीचे स्मरण झाले. ज्येष्ठेला उपेक्षून कनिष्ठेचा सत्कार करणे शास्त्रास धरून नव्हते. तिलाही बाहेर काढून तोच मान दिला. दोघींवर अक्षता वाहून त्यांना खाचांत बसविले आणि बटण दाबले.

यंत्र तीनदा किंचाळले. पडदा काळाच राहिला.

केशोराव विचलित झाले नाहीत. त्यांनी पट्ट्यांच्या जागा बदलल्या, एकेक लावून पाहिली आणि अखेरीस दुकानदाराने सदोष माल दिल्याचे जाहीर केले. त्यांच्या पत्नी सुशिलाबाई हे सारे पाहत होत्या. साडेचार होताच त्या उठल्या आणि पाण्याच्या मोटारी दुरुस्त करणाऱ्या शेजारच्या बिसरामला घेऊन आल्या.

बिसरामने पट्टी उजेडात धरली. "गुरुजी, हे पिवळं काय होय?"

"पूजा केली."

"मोटारीले कुंकू आपण वरून लावतो जी. वायरीच्या टोकाले कोणी लावते का?"

"म्या सकाळीच म्हटलं, बिसरामले बलावा," सुशिलाबाई म्हणाल्या. "तं म्हणे, मले सारं येते."

बिसरामने मागितलेला खोडरबर गुरुजींनी कपाटातून काढून दिला. बिसरामने दोन्ही कडा लख्ख केल्या, खाचेत अडकलेला तांदळाचा दाणा कुंच्याने काढला. पाचला पाच मिनिटे असताना यंत्र सजीव झाले, आणि असे चपळ की केशोरावांनी दुकानदारास मनोमन क्षमा केली.

वर्ग भरला. अकराही चौकटी निर्मळ होत्या. कोणाची पापणी लवली तरी कळत होते. गुरुजींनी गत रविवारी पाठ करावयास दिलेले सुभाषित म्हणण्यास चंद्रकुमारांना सांगितले. चंद्रकुमारांनी तोंड अर्धे उघडले आणि ते तसेच राहिले. डोळे विस्फारलेले, हात हवेत.

सुशिलाबाई लगबगीने पडद्याजवळ आल्या. "आवो, पुन्हा अटकलं का?"

केशोरावांनी चष्मा सावरून ती चौकट नीट निरखली. मग मांडी ठीक करून शांतपणे म्हणाले, "चंद्रकुमारजी, अटकायचंच असंल तं आधी मागचा पंखा बंद करा."