मोरूमामांची मारिया

आमच्या कामतघरच्या इमारतीत वरच्या मजल्यावर राहणारे मोरूमामा कुठलीही बातमी ऐकली की आधी एकच गोष्ट विचारतात, "शेजारी कोन हाय?" कुणी नवं घर घेतलं तर ठीक. पण माझ्या बाबांचं अपेंडिक्सचं ऑपरेशन झालं तेव्हाही त्यांनी टाक्यांची चौकशी नंतर केली. बाजूच्या खाटेवरच्या माणसाचं गाव आधी विचारून घेतलं.

मामा मूळचे खारबावचे, खाडीकाठच्या मच्छीमारांच्या घरातले. कापड विणायच्या लूमच्या कारखान्यात जन्म गेला, आता घरीच असतात, एकटे. नात्यानं आमचे कोणी नाहीत, पण माझ्या प्रत्येक निकालाचा पेढा पहिला त्यांना. मला डब्लिनला एमएससीला प्रवेश मिळाला तेव्हा सगळ्यांनी कोर्स विचारला, थंडी विचारली. मामांनी त्यांचा प्रश्न विचारला.

"हॉस्टेल आहे मामा. गेल्यावर कळेल."

"न कळता कशी जातेस गो बाय?" म्हणाले, आणि खरंच काळजीत पडले.

गेल्यावर कळलं ते असं: लांबलचक कॉरिडॉर, बारा दारं, सगळी बंद. पहिल्या आठवड्यात दुकानातल्या बाईला 'थँक यू' म्हटलं, तेवढंच काय ते बोलणं. स्वयंपाकघरात चाहूल लागली की मी खोलीतच ब्रेड खायची. अशात मामांचा व्हिडिओ कॉल आला, प्रश्न आलाच. त्यांचा चेहरा बघून मी ठोकून दिलं, "समोर मारिया राहते. चांगली आहे."

तिथे फसले. मामा रोज मारियाची खबर घेऊ लागले. जेवली का, भावंडं किती, बाप काय करतो. घाईत मी बापाला मच्छीमार केलं. मामा खुलले. "म्हंजे आपल्यातलीच की." मग तिकडची भरती कधी, ओहोटी कधी, हे सुरू झालं. लेक्चरला जाण्याआधी मी भरतीच्या वेळा बघून ठेवायला लागले.

एका रविवारी म्हणाले, "आता दाव तिला."

"झोपली असेल मामा."

"दार वाजव. मी थांबतो."

फोन चालूच होता. मी समोरचं दार वाजवलं. एक कोरियन मुलगी डोक्याला टॉवेल गुंडाळून बाहेर आली. मामांना इंग्रजी येत नाही, एवढाच आधार. मी भरभर सांगितलं, "दोन मिनिटं मारिया हो. तुझे वडील मासे पकडतात." तिनं माझ्याकडे पाहिलं, फोनकडे पाहिलं आणि हात हलवला.

"मारिया, खाना खाया?" मामांनी विचारलं. परक्या माणसाशी हिंदीत बोलायचं, हा त्यांचा नियम.

त्या दिवशी तिनं मला नूडल्स खाऊ घातल्या. तिचं नाव हाना, वडील दातांचे डॉक्टर. पुढे आम्ही रोज एकत्र जेवू लागलो, आणि मामांच्या कॉलवर ती मारियाच राहिली.

सुट्टीत घरी आले तेव्हा मामांपुढे सगळं कबूल केलं. ते चहा गाळत होते.

"ठावं व्हतं," म्हणाले. "मी लूमवर नवा लागलो तवा आईला सांगितलं, बाजूला युसूफ हाय, लई जीव लावतो. असा कोनी नव्हताच. आई विचारायची, मी सांगायचो. ती गेली तवापन तिच्या मनात युसूफ व्हता. आन मी कुनाचं दार वाजवलं न्हाय. लाज वाटायची."

मामांनी कप पुढे केला.

"त्या पोरीचं खरं नाव काय?"

"हाना."

"हाना," त्यांनी हळूच दोनदा म्हणून पाहिलं. "तिला सांग, मामा माफी मागतो. चार म्हयने चुकीच्या नावानं हाक मारली."