राजाराम गोलंदाजाने पेलिकनांवर फत्ते केली ती हकिकत

श्रीहरी समर्थ. कीर्तनप्रेमी सज्जनांचे सेवेसी निवेदन ऐसे जे, टेक्सास सुभ्यात शुगर लँड नामे कसबा, तेथील आर्मडिलो नामे बेसबॉलचे फौजेत राजश्री राजाराम गोलंदाज वीस साल चाकरीस होते. मोठे लीगचे दरबारातून दोनदा बोलावणे आले आणि दोनदा पाठवणी झाली. मग कोपर फाडून शिवले, खांद्यास बर्फ बांधिला, आणि बसमधून मजल दरमजल मुलूखगिरी करीत, मोटेलचे गार वॅफल खाऊन गुजराण केली. वय चाळीस जाहले, परंतु चेंडूचा वळसा ऐसा की गनिमाने बॅट फिरवावी आणि चेंडूने बाजूने मुजरा करून निघून जावे.

ऐशा वीरास एक शल्य होते. गनिमास एकही फटका मिळू न देता नऊ डाव निभावणे, यास त्या मुलखी नो-हिटर म्हणतात, ती फत्ते लाभली नव्हती. कारण तेथील रिवाज अजब. गोलंदाज त्या वाटेस लागला की सोबतचे गडी त्याजशी बोलणे टाकितात. बोलल्यास दृष्ट लागते म्हणून शेजारीही बसत नाहीत. आणि राजाराम तो कीर्तनाचे घरी वाढलेला, टाळांचे गलबल्यात गृहपाठ केलेला, त्यास ती शांतता मानवेना. श्रोत्यांनी मान डोलावली नाही तर बुवा जैसे पुढील चरण विसरतात, तैसे सातवे डावानंतर त्यांचे हात गार पडत आणि फटका बसे. बरे, चाळिशीचे पुरुषाने "माझ्याशी बोला रे" म्हणावे तरी कैसे?

अखेर सरनौबत डॉसनसाहेबांचे फर्मान सुटले की शुक्रवारचा सामना राजारामांचा शेवटचा, सोमवारपासून तरणा गोलंदाज येईल. ते ऐकोन मातोश्री जाईबाई, ज्या आजवर बघवत नाही म्हणून सामन्याचे वेळी देवापुढे बसत, त्या प्रथमच मैदानी आल्या. दिवस एकादशीचा, सबब सोबत खिचडीचा डबा.

आठ डाव जाहले आणि पेलिकन नामे गनिमाचे फौजेस एकही फटका मिळाला नाही. मग रिवाजाप्रमाणे डगआउटमध्ये, म्हणजे गड्यांचे बैठकीचे खंदकात, सुतक पसरले. कॅचर मिगेल दूर कोपऱ्यात छत न्याहाळीत बसला. राजाराम एकटेच बाकावर गार बोटे चोळीत बसले. ते आईने वरून पाहिले आणि कठड्याशी धाव घेतली. आडव्या आलेल्या पहारेकऱ्यास शेंगदाण्याचा लाडू देऊन तह केला आणि आत वाकून पुसिले, "राजा, फराळ केलास का रे?"

फौजेवर वीज पडली. मिगेलने हात जोडिले, "मॅडम, नो, प्लीज."

"हा कोण? हाही उपाशीच दिसतोय."

"आई, मॅच चालू आहे गं."

"मग टाक ना बॉल, मी काय हात धरलाय? छान चाललंय की, अजून एकालाही मारता आला नाही तुझा बॉल."

हे शब्द निघताच, मराठी न कळताही, डॉसनसाहेबांनी टोपी तोंडावर ओढिली. जाईबाई पुढे चालूच. "आणि ऐक, तुझ्या नीलामावशीच्या जावयाने डिशवॉशरमध्ये हातानं भांडी घासायचा साबण ओतला. फेस पार सोफ्यापर्यंत. वर म्हणतो, मशीन खराब आहे."

राजाराम हसले, आणि बोटांत ऊब आली. मग नववे डावी मातोश्रींनी कठड्यावरून त्या फेसाचे आख्यान उत्तररंगास नेले आणि पहिला गनीम तीनदा हवेत बॅट फिरवून परतला. ते पाहोन मिगेलही मास्कमागून आपले ट्रकचे गिअरबॉक्सविषयी बोलू लागला, मग कोणी सासूविषयी, आणि डगआउटमध्ये ऐसा गजर उठला की दुसऱ्याचा उंच गेलेला झेल मिगेलने बोलता बोलताच घेतला. तिसऱ्याने तिसरे वेळी बॅट फिरविली तेव्हा चेंडू मिगेलचे ग्लोव्हात केव्हाच पोचला होता, आणि तीन गडी बाद होऊन नववा डाव सरला.

फौजेने राजारामांस खांद्यावर घेतले. जाईबाईंनी पुसिले, "एवढंच होतं, तर वीस वर्षं का लावलीस?"

"कोणी बोलत नव्हतं गं. तूसुद्धा."

जाईबाई बोलत नाहीत ऐसा आरोप त्यांजवर जन्मात प्रथमच आला, तो त्यांनी डोळे पुसून मान्य केला.

येणेप्रमाणे शके एकोणीसशे सत्तेचाळीस, ज्येष्ठ शुद्ध एकादशीस पेलिकन बेचिराख जाहले. चाकरी त्याच दिवशी सरली, फर्मान फिरले नाही, परंतु राजाराम फत्ते घेऊन घरी गेले. इतके श्रीहरीचे साक्षीने नमूद केले असे.