सूर्योदय चुकलेली दशमी

"चूल पेटली का रे, आबाजी?" भटजींनी अंगणातूनच विचारलं.

"आज कशाला? बाबाचं श्राद्ध दशमीला. दशमी उद्या हाय."

"उद्या एकादशी."

"आन् आज नवमी ना?"

"सूर्य उगवला तेव्हा होती. मग दशमी लागली, ती उद्या उजाडायच्या आत संपते. तिच्या वाट्याला सूर्योदयच नाही. क्षय झाला तिचा. श्राद्ध आजच, दुपार टळायच्या आत. पुढच्या गावाला जायचं होतं, पण तुझ्यासाठी थांबतो."

क्षय हा शब्द आबाजीला ऐकून ठाऊक होता. कर्जतच्या दवाखान्यात तो माणसांना होत असे आणि मास्तरांच्या म्हणण्याप्रमाणे दातांना. पण न खोकता, न दुखता अख्खा दिवस जातो, हे चव्वेचाळीस सालच्या त्या सकाळी त्याला नव्यानं कळलं.

दिवस गेल्याचं त्याला फारसं वाटलं नसतं. अडचण धाकट्या भावाची होती. बांधावरच्या फणसावरून भिवाजी सात वर्षांपूर्वी भांडला आणि कळंबला, सासुरवाडीला जाऊन राहिला. मरताना बापानं एवढंच मागितलं होतं, "माझ्या वर्षश्राद्धाला दोघं एका पंगतीत जेवा." आबाजीनं कुंभाराकरवी निरोप धाडला होता, दशमीला ये. भिवाजीही बोटांवरच दिवस मोजणारा. तो उद्या येणार.

"येवढा दिवस झिजून गेला, तुमचं भांडान तेवढं झिजत नाय," चंद्राबाई उडीद निवडता निवडता नवऱ्याला म्हणाली. "कुनाला तरी धाडा कळंबला."

"दुसऱ्याच्या निरोपानं तो आज उठनार नाय. मीच जातो."

सात वर्षांत पहिल्यांदाच आबाजी कळंबच्या दिशेला लागला. अर्ध्या वाटेवर बैलगाडी मिळाली, म्हणून सडकेनं गेला. भावजय मैना दारातच होती.

"भिवाजी कुठं हाय गं?"

"ते तं सकालीच तुमच्याकडं कशेळ्याला गेलं. शेतवाटंनं."

"आज? कशाला?"

"मला काय म्हाईत, भावजी?" असं म्हणून मैना पदराशी चाळा करत आत गेली.

गाडी पुढं निघून गेली होती. आबाजी उपाशीपोटी चालत परतला. वाटेत त्यानं सूर्याकडे तीनदा पाहिलं आणि तिन्ही वेळा तो बराच खाली आलेला दिसला. बापाचं शेवटचं मागणं आपल्या बोटांच्या हिशेबानं बुडवलं, या विचारानं तो रडायच्या बेताला आला.

घरी पोचला तेव्हा भटजी जेवून गेले होते, कौलांवरचा घास कावळ्यानं नेला होता आणि ओलं धोतर नेसून भिवाजी ओटीवर बसला होता.

"भटजी म्हनलं वेळ टळतेय, एक ल्योक तं हाय. बसवलं मला पाटावर," भिवाजी खाली बघत म्हणाला. "पिंड मीच दिलं, दादा."

"पन तू आज आलास कसा? तुला कुनी सांगितलं?"

तेवढ्यात चंद्राबाईनं दोन पत्रावळी शेजारी शेजारी मांडल्या. आबाजी येईपर्यंत तिनं दिराला पाण्याशिवाय काही दिलं नव्हतं. दोघं बसले. वडे आले, खीर आली.

"दादा," शेवटी भिवाजी म्हणाला, "मी सांगाया आलतो. उद्या श्राद्धाला येनार नाय म्हनून."

आबाजीनं वडा मोडून खिरीत बुडवला.

"नको येऊस," तो म्हणाला. "उद्या एकादशी हाय. जेवान नाय."

भिवाजीनं वहिनीकडे आणखी एक वडा मागितला.