पवनरावांची बिनधुराची गाडी

एका जंगलात रस्ते झाले, आणि रस्ते झाले म्हणून गाड्या आल्या. आता तुम्ही विचाराल, जनावरांना गाड्या कशाला हव्यात? मुलांनो, असले प्रश्न विचारणाऱ्याला त्या जंगलात मागासलेला म्हणत. तेव्हा गप्प बसा आणि ऐका.

त्या जंगलात पवनराव खिंकाळे नावाचा एक घोडा राहत असे. चांगला पोक्त होता, म्हणून आपण त्याला अहोजाहो करू. पवनरावांच्या दारात लाल रंगाची गाडी होती. घरापासून तळं हाकेच्या अंतरावर, पण पवनराव पाणी प्यायला गाडीने जात. गाडी लावायला जागा सापडेपर्यंत तळ्याला चकरा मारत आणि मग दमून पाणी पीत. आपल्याला चार पाय आहेत हे त्यांना ठाऊक होतं. ते चारही पाय ते गाडीत नीट दुमडून बसत.

त्या गाड्या मोहाच्या तेलावर चालत. तेल विकायचा मक्ता झिपरेशेठ नावाच्या अस्वलाकडे होता. भाव रोज वाढे आणि झिपरेशेठ रोज त्याचं कारण सांगत. सात समुद्रांपलीकडे दोन देवमासे भांडताहेत, म्हणून तेल महागलं, असं ते म्हणत. त्या जंगलात कोणी समुद्र पाहिलेला नव्हता, त्यामुळे कारण सगळ्यांना पटे. पुढे देवमाशांचा समेट झाल्याची बातमी आली. तेव्हा, हे तेल भांडणाच्या काळातलं आहे, असं झिपरेशेठनी समजावून सांगितलं.

पंपावर नळी धरायला एक माकड असे. ते प्रत्येकाला सांगे, "साहेब, झिरो बघून घ्या." मग सगळे माना लांब करून झिरो बघत. त्या पंपावर परवडण्यासारखं तेवढंच होतं.

शेवटी जंगल चिडलं. सभा भरली. सभेला सगळे गाडीने आले. कोल्ह्याने इतकं जळजळीत भाषण केलं की टाळ्यांऐवजी हॉर्न वाजले. ठराव असा झाला की जंगलाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गाड्यांचा मोठा निषेध मोर्चा काढायचा. मोर्चासाठी सगळ्यांनी टाक्या काठोकाठ भरल्या. झिपरेशेठनी वाटेत मंडप घालून मोर्चेकऱ्यांना ताक पाजलं. असे मोर्चे वरचेवर निघाले पाहिजेत, असं त्यांनी कोल्ह्याला मिठी मारून सांगितलं.

पवनरावही मोर्चात होते आणि त्यांची टाकी तिथेच रिकामी झाली. त्यांना खरं तर ती जपून ठेवायची होती. कारण त्यांची मुलगी अबोली हिला डोंगरापलीकडच्या टापऱ्यांचं स्थळ सांगून आलं होतं. मुलगा उमदा होता आणि अबोलीला मनापासून आवडला होता. आता लग्नाची बोलणी करायला टापऱ्यांकडे जायचं होतं. टापऱ्यांचा निरोपही आला होता, की तुमच्या गाडीसाठी दारात सावलीची जागा राखून ठेवली आहे. यातला मतलब काय तो पवनरावांना बरोबर कळला. गाडी नसेल तर सोयरीकही नाही.

निघायच्या दिवशी ते पंपावर गेले, म्हणजे गाडी ढकलत गेले. भाव ऐकला, झिरो बघितला आणि तसेच परत आले.

"अहो, चालत जाऊ की," त्यांच्या पत्नी चपलाबाई म्हणाल्या. "एक डोंगर तर ओलांडायचा. आपण घोडे आहोत."

"हळू बोल," पवनराव म्हणाले. "शेजारी ऐकतील."

शेजारी शिंगटे नावाचं सांबर राहायचं. त्याच्याकडे निळी गाडी होती आणि कान फार तिखट होते.

पवनराव बराच वेळ गाडीकडे बघत बसले. मग त्यांनी बॉनेट उघडलं, इंजिन काढून परसात ठेवलं आणि त्या रिकाम्या जागेत स्वतः शिरले. खालचा पत्रा कापल्यावर चारही खूर जमिनीला टेकले. खांद्याला पट्टे बांधले, नाक पुढच्या जाळीला लावलं आणि चपलाबाईंना बॉनेट बंद करायला सांगितलं. चपलाबाई स्टिअरिंगवर बसल्या, अबोली मागच्या सीटवर. गाडी सुरू झाली. शिंगट्यांनी कुंपणावरून विचारलं, पवनराव कुठे दिसत नाहीत? ते पुढेच आहेत, असं चपलाबाईंनी खरं ते सांगितलं.

चढ जरा जड गेला. पण डोंगरमाथ्यावरचं पठार लागलं आणि पवनरावांचे पाय मोकळे झाले. आधी दुडकी चाल, मग चौखूर. जाळीतून वारा नाकात शिरला, मान ताठ झाली, छाती भरून आली. चपलाबाई आतून ओरडत होत्या, अहो हळू, पण पवनरावांना ऐकू येत नव्हतं. इतका आनंद त्यांना कित्येक वर्षांत झाला नव्हता. आपली गाडी किती छान पळते, असं त्यांना वाटलं.

टापऱ्यांच्या दारात गाडी थांबली. थोरले टापरे बाहेर आले. पाहुण्यांना बसा म्हणायच्या आधी त्यांनी गाडीभोवती एक फेरी मारली. आवाज नाही. धूर नाही. त्यांनी पुढच्या चाकाला खूर लावून बघितला आणि चपलाबाईंना विचारलं, "किती देते?"

आपला नवरा ओढतो ती गाडी किती देते, याचा हिशोब त्यांनी कुठून सांगावा? बॉनेटखाली पवनरावांनी कान टवकारले. मुलांनो, त्यांनी गप्प बसायला हवं होतं. पण आपल्या गाडीचं ॲव्हरेज कोणी विचारलं आणि आपण सांगितलं नाही, असं आजवर कोणाला जमलं आहे?

"पेंढीला बारा कोस," बॉनेटखालून उत्तर आलं. "तेही डोंगरातून. सपाटीला जास्तच देईल."

टापऱ्यांनी बॉनेट उघडलं. आत घामाने निथळणारे होणारे व्याही उभे होते. अबोलीने तोंड फिरवलं. जमलेलं लग्न आपल्या जिभेने मोडलं, असं पवनरावांना वाटलं आणि त्यांचे डोळे भरून आले.

टापरे हसले नाहीत. त्यांनी पट्टे ओढून बघितले, कापलेला पत्रा बघितला आणि पवनरावांच्या कानाशी लागून म्हणाले, "आमची तेल फार पिते हो. हे असं बसवून घ्यायला किती वेळ लागतो?"

लग्न तिथल्या तिथे ठरलं. पुढे ते थाटात झालंही. नवरदेव आपल्या गाडीच्या बॉनेटखाली असल्यामुळे अबोलीला हार जाळीला घालावा लागला. लग्नभर तिला नवऱ्याचं तोंड काही दिसलं नाही. पण गाडी सगळ्यांना आवडली.

आणि बातमी पसरली. घोडे आपापल्या बॉनेटखाली शिरले. शिंगट्यांनी निळ्या गाडीचं इंजिन काढून त्यावर कुंडी ठेवली. रानगवे शिरले, हरणं शिरली. लांडग्यांना गवत पचत नाही, त्यांनी गाढवं ठेवली. जो तो आपली गाडी ओढत होता आणि मोहाच्या तेलाला नाकं मुरडत होता. पवनरावांना लोक वाटेत थांबवून नमस्कार करत. पवनरावांना बॉनेटखालून हात जोडता येत नसत, म्हणून ते नुसते दिवे लावत.

झिपरेशेठच्या पंपावर माकड दिवसभर एकटंच झिरो बघत बसे. झिपरेशेठ चिडले नाहीत. चिडणं हे गिऱ्हाइकाचं काम आहे. ते सिंहमहाराजांना भेटायला गेले आणि येताना गवताच्या कुरणाचा मक्ता घेऊन आले.

मग महाराजांचा हुकूम निघाला. ज्या अर्थी जंगलातल्या गाड्या आता गवतावर चालतात, त्या अर्थी गवत हे इंधन आहे. सबब त्यावर इंधनाचा कर लागेल. कुरणाला कुंपण पडलं. फाटकावर फलक लागला आणि फलकावर भाव. सुरुवातीला तो फार नव्हता. सुरुवातीला तो कधीच फार नसतो.

भागा नावाची एक शेळी होती. तिच्याकडे गाडी नव्हती, कधी घ्यावीशीही वाटली नव्हती. ती नेहमीप्रमाणे चरायला गेली तर फाटकावरच्या कुत्र्याने तिला अडवलं. गाडी कुठे आहे, असं त्याने विचारलं. मी नुसती खाणार आहे, असं भागा म्हणाली. खाणं हा इंधनाचा गैरवापर आहे, असं कुत्र्याने तिला सांगितलं. बिचारीने शेवटी मोडकीतोडकी एक गाडी मिळवली. आता तिला गवत मिळतं. ते सगळं गाडी ओढण्यात जातं, ही गोष्ट वेगळी.

गवताचा भाव चढत गेला. पुन्हा सभा झाली, पुन्हा हॉर्न वाजले. पवनरावांनी घरी येऊन विचार केला. एके काळी तेल वाचवायला ते उतारावर इंजिन बंद करत. आता बंद करण्यासारखं एकच होतं, ते त्यांनी केलं. त्यांनी दुपारचं खाणं सोडलं. मग सकाळची पेंढी अर्धी केली. बरगड्या दिसायला लागल्या, पण बॉनेट बंद असल्यामुळे त्या बाहेरून कळत नसत.

चपलाबाईंना मात्र बघवेना. एक दिवस त्या बॉनेट उघडून उभ्या राहिल्या आणि रडायला लागल्या.

"बाहेर या," त्या म्हणाल्या. "लेकीचं लग्न झालं. आता कोणाला दाखवायचंय? ही गाडी इथेच सोडू. डोंगरापलीकडे जाऊ. तिथे अजून कुंपण पडलेलं नाही. चालत गेलं तरी पोहोचू."

पवनरावांना क्षणभर ते पठार आठवलं. वारा आठवला. त्यांनी खांद्याचा एक पट्टा सोडलासुद्धा.

तेवढ्यात शिंगटे कुंपणाशी आले. तेही बॉनेटखाली होते, आवाज तिथूनच आला. "काय हो पवनराव, तुमची अजून बाराच देते का?"

पवनरावांनी पट्टा पुन्हा बांधला.

"छे हो," ते म्हणाले. त्यांचा आवाज खोल गेला होता, पण त्यात अभिमान होता. "पेंढी अर्धी केली. आता चोवीस देते."

मग शिंगटे हळूहळू आपल्या दारापर्यंत गेले आणि आजपासून आपल्याला गवत वाढू नकोस, असं त्यांनी बायकोला सांगितलं.

तात्पर्य : इंधनाचे भाव कमी करणे आपल्या हातात नसते, जेवण कमी करणे असते. म्हणून मुलांनो, काही झाले तरी गाडी विकू नका.