शेवळांची काकड आरती

कोंडाजीमामांना मी फक्त चहा विचारायला हवा होता. माणूस वांगणीहून आला, दारात वहाणा काढल्या, तर ‘चहा घेणार का’ म्हणावं आणि गप्प बसावं. पण माझ्या जिभेला दावं नाही. (आक्का म्हणायची, सदू आधी उडी मारतो आणि मग विहिरीत पाणी आहे का ते बघतो.) मी म्हणालो, “मामा, रविवारी जेवायलाच या. शेवळांची भाजी करतो. आक्का करायची तशी.”

दाजींनी हातातलं वर्तमानपत्र खाली केलं. मामांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू त्यांच्या बैलानं कीर्तन करतो म्हणून सांगितलं होतं.

मामांचंही चुकत नव्हतं. ते मला न्यायला आले होते. आक्का, म्हणजे माझी थोरली बहीण अंजनी, होळीच्या आठवड्यात तापानं आजारी पडली आणि रंगपंचमीला ती नव्हती. अंबरनाथच्या ह्या दोन खोल्यांत आता उरलो दोघे: तिचा नवरा भगवंतदाजी, एका कारखान्यात टाइमकीपर, आणि त्यांच्याच वशिल्यानं त्याच कारखान्याच्या गोदामात लागलेला मी. दाजी मुळातच कमी बोलणारे. आक्का गेल्यापासून तर ते फक्त ‘हं’ म्हणत. खानावळीचा डबा येई, आम्ही दोघे भिंतीकडे तोंड करून जेवत असू.

“बहीन व्हती तवर घर व्हतं,” मामा आल्या आल्या म्हणाले होते. “आता तू कोन त्याचा? चूल बंद, मानसं मुकी. चल वांगनीला. शेती हाय, मामी हाय.”

शेती होती, मामी होती, सगळं खरं. पण वांगणीला आक्का नव्हती. इथे ती होती. मिठाच्या बरणीवर तिनं बांधलेला फडका होता, पाट्याच्या कडेला तिच्या बोटांनी झिजलेली जागा होती. हे मामांना सांगायचं कसं? म्हणून मी शेवळं करतो म्हणालो.

“तुला च्या तरी येतो का?” मामा म्हणाले.

“येतो की.”

“याचा चहा मी पितो,” दाजी बोलले. महिन्यातलं त्यांचं हे पहिलं पूर्ण वाक्य. पुढे म्हणाले, “म्हणून सांगतो, शेवळं नको.”

पण मामा उठत म्हणाले, “बरं. रइवारी येतो. जेवान धड झालं तर ऱ्हा हितं, मी परत नाव काढनार न्हाय. न्हाय तर बोचकं बांधून ठेव.”

आता आक्काबद्दल सांगितलं पाहिजे, नाहीतर पुढचं तुम्हाला वेडेपणाच वाटेल. (तो होताच, पण त्याला कारण होतं.)

आक्काचे देव फार, आणि देव्हाऱ्यात एकही नाही. अंबरनाथाच्या देवळापर्यंत जायची, बाहेरच्या झाडाला हात जोडायची आणि परत यायची. आत का गेली नाहीस म्हटलं तर म्हणायची, “आत गर्दी असते. हा बिचारा एकटा उभा असतो.” भाताचं झाकण काढलं की पहिली वाफ खिडकीतून डोंगराकडे फुंकायची. “त्याचं पाणी, त्याचा भात. त्याला वास तरी जाऊ दे.” रानात भाजी खुडायच्या आधी वाकून विचारायची, “घेऊ का गं?” आणि थांबायची. मी म्हणायचो, “काय म्हणाली?” ती म्हणायची, “ऐकू येत नाही रे, कळतं.”

आणि ज्येष्ठात शेवळं आली की ती दर वर्षी एकच गोष्ट मला बजावायची. गावाकडच्या हेलात म्हणायची, “आधी काकडां, मंग शेवळां. इसरू नको.”

आधी काकडा, मग शेवळं. ही मोठी अवघड गोष्ट आहे असं मला कधी वाटलं नाही. काकडा म्हणजे काकड आरती, हे वांगणीच्या कुठल्याही पोराला ठाऊक. कार्तिकात पहाटे देवळात कापडाचा काकडा तुपात भिजवून पेटवतात आणि देवाला जागं करतात. जी बाई झाडाला विचारून भाजी खुडते, ती भाजीची आरती करणार नाही तर काय? मी स्वतः कधी ती आरती पाहिली नव्हती, पण तेही बरोबर होतं. काकडा पहाटे होतो, आणि मी उठायचो ऊन अंगावर आल्यावर.

शनिवारी संध्याकाळी स्टेशनबाहेर कौसाबाई ठाकरीण पाटी घेऊन बसली होती. शेवळांच्या जुड्या, लांबलचक, जांभळट, आणि बाजूला हिरव्या आंबट फळांचा ढीग. आंबट पाहिलं की माझे दात आंबतात, म्हणून मी तिकडे नजरही टाकली नाही.

“दोन जुड्या दे.”

“काकडां?”

“काकडा आम्ही घरी करतो.”

कौसाबाईनं मान वर केली. “घरी? झाड हाय का दारात?”

“झाड कशाला? जुनं कापड असलं की झालं.”

“कापडाची काकडां?”

“हो. पिळायचं घट्ट, आणि तुपात बुडवायचं.”

“आन् मंग?”

“मग पेटवायचं.”

ती शेजारच्या बाईला म्हणाली, “ह्ये कॅम्पातलं असंल. तिकडं येगळीच रीत.” म्हणजे मला तिनं उल्हासनगरचा सिंधी ठरवून टाकलं. मी जुड्या घेऊन निघालो. ती मागून हाका मारत होती, “अरं दादा, फुकट ने, पन ने,” पण मी स्वाभिमानी माणूस. फुकट घेत नाही.

रविवारी पहाटे मी दाजींना हलवलं.

“काय?”

“काकडा.”

“कशाचा?”

“शेवळांचा. आक्का करायची ना?”

दाजी अंधारात बसून राहिले. ते नाही म्हणतील असं वाटलं. पण आक्काचं नाव काढलं की त्या माणसाला नाही म्हणता येत नव्हतं. उठले, तोंड धुतलं, मागच्या दारी आले. मी पाटावर शेवळं मांडली होती, डोंगराकडे तोंड करून. काकडा पेटला. ज्वाळा हातभर गेली.

“सदू,” दाजी म्हणाले, “हे माझं उपरणं आहे.”

“होतं,” मी म्हणालो.

मला आरती एकच येत होती, तीही अर्धी. ती मी दोनदा म्हटली म्हणजे एक पुरी झाली. दाजी टाळ्या वाजवत होते. धुरानं शेजारच्या गोजरबाई कळशी घेऊन धावत आल्या. त्यांना वाटलं घर पेटलं. आम्हाला पाहून कळशी खाली ठेवली.

“कुणाची आरती, भगवंतराव?”

“भाजीची,” दाजी म्हणाले.

गोजरबाईंनी शेवळांना नमस्कार केला. आक्काच्या त्या जिवाभावाच्या मैत्रीण. जाताना दाजींना हळूच म्हणाल्या, “दुःखानं होतं असं. आज त्याला काही बोलू नका. म्हणेल त्याला हो म्हणा.”

दोघेही गेल्यावर मी एका शेवळापाशी वाकलो आणि आक्कासारखं विचारलं, “घेऊ का गं?” थांबलो. ऐकू काही आलं नाही. कळलंही काही नाही. मी परत विचारलं. पण ह्या वेळी मी शेवळाला विचारत नव्हतो. डोंगरावर उजाडत होतं. मग मी विळी घेतली.

वाटण आक्का मी उठायच्या आतच करून ठेवायची, पण बाकी स्वयंपाक मी डोळे मिटून केला असता, इतकं ते मला बघून पाठ होतं. शेवळं सोलली, चिरली, तेलात परतली. लसूण, कोलंबीचे सोडे, वाटलेलं खोबरं. भात उतरवला आणि पहिली वाफ खिडकीतून फुंकली. (निम्मी माझ्याच डोळ्यात गेली.) आणि काय सांगू, वास तोच आला. दाजी आतल्या खोलीतून उठून चुलीपाशी आले, उभे राहिले, परत गेले.

मामा आले. पाट मांडले. मी वाढलं. माझं बोचकंही मी कोपऱ्यात बांधून ठेवलं होतं, कारण शब्द म्हणजे शब्द. मामांनी भाताचा डोंगर केला, त्यात भाजी कालवली, घास घेतला. मी त्यांच्या तोंडाकडे बघत होतो.

“चव हाय,” मामा म्हणाले.

मी जमिनीपासून चार बोटं वर उचललो गेलो. मामा खातच होते. दाजी खात होते. मीही पान वाढून घेतलं आणि बसलो. तीन माणसं एका चुलीचं, गरम, एकमेकांकडे तोंड करून जेवत होती. म्हटलं, जिंकलो.

तेवढ्यात मामा थांबले. गळ्याशी हात नेला. डोळे भरून आले. ओठ हलले आणि घोगऱ्या आवाजात एवढंच बाहेर पडलं, “...नी.”

भाचीचं नाव काढलं म्हाताऱ्यानं. अंजनी. तिकडे दाजींची मान खाली गेली होती, आणि त्यांच्या डोळ्यांतून टपटप पाणी ताटात पडत होतं. मी म्हणालो, “हो मामा. आठवण येणारच. तिचीच भाजी आहे.”

मामांनी जोरात मान हलवली. “...नी, ...नी.”

(नंतर कळलं, ते ‘पानी’ म्हणत होते.)

आणि मग माझाही गळा दाटला. आता इथे एक सांगतो. आक्का गेली तेव्हा मी रडलो नव्हतो. तेराव्याला बायका कुजबुजल्या, पोरगं दगडाचं आहे. मलाही तसंच वाटू लागलं होतं. पण आता घशाशी काहीतरी आलं, डोळ्यांतून धारा लागल्या, आणि मी मनात म्हटलं, आलं एकदाचं. मी मोकळेपणी रडलो. आम्ही तिघेही रडत होतो. मी एका हातानं मामांची पाठ थोपटत होतो, ते माझा हात झटकत होते, मला वाटलं पुरुषाला रडायची लाज वाटते.

मग माझे ओठ खाजू लागले. मग जीभ. मग कानाच्या आत, जिथे बोट पोचत नाही तिथे. मी तिसरी नापास आहे, पण दुःख कानात खाजत नाही एवढं मलाही कळतं.

आमचा आवाज ऐकून गोजरबाई आल्या. दारातच पदर डोळ्यांना लावला. “रडा बाबांनो, मोकळे व्हा.” मग त्यांचं लक्ष मामांकडे गेलं. मामा पंच्याच्या टोकानं जीभ घासत होते. गोजरबाईंनी पदर खाली केला, पातेल्यात डोकावल्या, वास घेतला.

“सदू, काकडं घातलीस का?”

“काकडा केला ना पहाटे,” मी कसाबसा म्हणालो. “तुम्ही नमस्कार केलात.”

“काकडा नव्हे रे मेल्या, काकडं. फळं असतात हिरवी, आंबट. त्यांचा रस घातल्याशिवाय शेवळाची खाज मरत नाही. आधी काकडं, मग शेवळं.”

त्या धावत घरी गेल्या आणि चिंचेचं दाट पाणी घेऊन आल्या. आम्ही तिघे ओळीनं बसून ते प्यालो. दातांचं काय झालं विचारू नका.

मला मात्र खाजेपेक्षा दुसरंच लागलं होतं. पहाटे अंगणात काकडा घेऊन उभी असलेली आक्का मी मनात किती वर्षं पाहिली होती. ती कधी नव्हतीच. ती आंबट फळं सांगत होती आणि मी तिला देवळात उभं करून ठेवलं होतं. हे मी दाजींना म्हणालो आणि खरंच रडू आलं. ह्या वेळी काही खाजलं नाही.

दाजी घसा खाकरत म्हणाले, “उठायची ती पहाटे. आरती नाही करायची. त्याच जागी बसायची, डोंगराकडे बघत. मी विचारलं, काय करतेस, तर म्हणाली, काही नाही, बसलेय.” आणि पुढे म्हणाले, “आरतीचं तुझं चुकलं नाही सदू. भाजीचं चुकलं.” मग पातेल्याकडे बघितलं. “आणि उपरण्याचं.”

आणि ते हसायला लागले. होळीपासून पहिल्यांदा. घसा बसलेला, त्यामुळे हसणं फुटक्या पिपाणीसारखं येत होतं, पण थांबेना. गोजरबाई हसल्या. मीही हसलो.

मामा हसले नाहीत. ते उठले, वहाणा घातल्या. जेवण धड झालं नव्हतं, हे सांगायला पंचाची गरज नव्हती. मी कोपऱ्यातलं बोचकं उचललं. दाजींचं हसू थांबलं. ते पुढे आले, बोचक्याला हात घातला आणि म्हणाले, “मामा, सदूला...” पण पुढे आवाजच फुटेना. मी बोचकं एका बाजूनं धरलेलं, त्यांनी दुसऱ्या बाजूनं, कुणी सोडेना.

मामांनी हात वर केला. एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा पातेल्याकडे, आणि दोन पावलं मागे, उंबऱ्याबाहेर सरले. मग उरल्यासुरल्या आवाजात म्हणाले,

“काय बोलू नको भगवंता. ऱ्हाऊ दे त्याला तुझ्याकडंच. आमच्या घरात ल्हान पोरं हायेत.”