माजिवड्यास लोखंडी कॅसेट राखिली त्याची हकीकत

श्री. शके १९०९, प्रभवनाम संवत्सरे, वैशाख मासी मौजे माजिवडा येथे जो संग्राम जाहला, तो जैसा घडला तैसा लिहितो. ज्यास हसू येईल त्याने तोंडावर रुमाल धरून वाचावे.

राजश्री टेरेन्सराव, कोलशेतच्या कारखान्यातील फिटर, यांस मायदेशी परतणाऱ्या एका फिरंगी इंजिनिअराने एक कॅसेट नजर केली. तीत कोण्या पंडिताने पत्रे घासून आणि नळ ठिबकवून, मग ते आवाज विजेच्या यंत्रांतून ताणून संगीत रचिले होते. टेरेन्सराव तीवर जीव टाकीत आणि बाकी मुलूख कानांवर हात ठेवी. तशात मेहुणी जॉर्जिना हिचे लग्न ठरले आणि कलत्र उर्सुलाबाईंनी फर्मान काढिले की, रविवारपावेतो कोणी एक इसम ही करकर एक बाजूभर पुरती ऐकेल तर ठीक, नाहीपेक्षा तीवर लग्नात विहिरीपाशी म्हणावयाची उंबराच्या पाण्याची गाणी भरली जातील. टेरेन्सराव ऐकणारा इसम धुंडू लागले हो!

मग प्रथम पंढरी रेडिओवाले चालून आले आणि टेपच बिघडला समजोन स्क्रूड्रायव्हर उपसला, हेड स्पिरिटाने पुसले आणि करकर तीच राहिली, तेव्हा हात टेकले. मग मेहुणे बॉस्को, वरातीच्या बँडचे ट्रंपेटबहाद्दर, ताल शोधीत चार मिनिटे झुंजले आणि पाणी पिण्याच्या मिषाने मैदान सोडिले.

रविवारी दुपारी लग्नाची मासळी ठरवावयास कोलशेतचे वृद्ध दामाजी कोळी आले आणि आयतेच सापडले. त्यांनी घटकाभर ऐकिले आणि मग डोके आडवे करून टेप ठेविलेल्या मेजाच्या फळीवर टेकिले, डोळे मिटिले. बॉस्को खिदळले की म्हातारबा घोरू लागले, आणि टेरेन्सराव हताश होऊन खिडकीपाशी गेले. परंतु खाडीत मासा हुडकणारे जुने कोळी होडीच्या फळीस कान लावून पाण्याखालील माशांची करकर ऐकतात, हे या फौजेस काय ठाऊक! बाजू संपून खटका पडला, तैसे दामाजी उठोन वदले, "आरं, शिंगाल्याचा थवाच हाय त्यो! मधी पानी उथल झाला तवा गप झाला, मंग खाली गेला. दुसरी बाजू लाव ना."

टेरेन्सरावांचे डोळे भरले, आणि त्यांनी दुसरी बाजू लाविली. उर्सुलाबाईंनी गाण्यांस्तव नवी कॅसेट आणविण्याचा हुकूम केला, आणि मग कालवण उतरविले, हात पुसले, आणि फळीच्या दुसऱ्या टोकास आपला कान लाविला. ती बाजू संपेतो डोके उचलिले नाही. ऐसी फत्ते जाहली, म्हणोन दफ्तरी नोंदली असे.