‘जेवलो’ची जागा

दहा हजार प्रतिसाद भरले की धाग्याला कुलूप लागायचं आणि धागा माळ्यावर जायचा. माळ्यावर गेलेल्या धाग्यातले फोटो पुसले जात आणि तिथे कुणाला एक अक्षर लिहिता येत नसे. ‘पावोन’ या स्वयंपाकाच्या फोरमवरचा हा नियम अ‍ॅडमिन पाक सुतिक्नो यांचाच; ‘पाक’ म्हणजे आमच्याकडचं ‘राव’. शाळेचं ग्रंथालय बत्तीस वर्षं सांभाळून निवृत्त झालेला हा गृहस्थ इतका टापटिपीचा, की त्याच्या घरातली झुरळंसुद्धा उंचीप्रमाणे रांगेत चालतात असं आमच्या सेमारांग शहरात म्हणतात. मी स्वतः दोनदा पाहिली आहेत.

त्या सकाळी पाक सुतिक्नो चहाचा पेला हातात धरून पडद्याकडे बघत बसले होते.

"चारच उरले," ते पुटपुटले.

"काय, केस?" मिरच्या वाटता वाटता त्यांची बायको एन्दांग म्हणाली.

"कुस्तिनीच्या धाग्यातले प्रतिसाद."

एन्दांगचा हात थांबला.

‘आज काय रांधलं?’ हा धागा कुस्तिनीने नऊ वर्षांपूर्वी काढला. तिचा नवरा वासिस मालवाहू जहाजावर इंजिनं सांभाळायचा. ती रोज रांधलेल्या पदार्थाचा फोटो टाकायची आणि खाली लिहायची, ‘अहो, जेवलात का?’ भोवती बाकीचा फोरम गप्पा मारायचा, मिठावरून भांडायचा. तीन वर्षांपूर्वी कुस्तिनी गेली. वासिस जहाज सोडून घरी आला, आणि तेव्हापासून रोज संध्याकाळी तो धागा पहिल्या पानापासून वाचायचा. थडग्यावर तो शुक्रवारी जायचा. इथे रोज.

चार उरल्याची बातमी फुटली आणि सगळा फोरम चिडीचूप झाला. दहा हजारावा प्रतिसाद आपल्या हातून नको! पण पाक सुतिक्नोंचा दुसराही एक नियम होता: तीस दिवस कुणी लिहिलं नाही, तरी धागा माळ्यावर.

"म्हणजे बोललं तरी मरण, गप्प बसलं तरी मरण," एन्दांग म्हणाली. "हे नियम करताना जागे होतात ना तुम्ही?"

"नियम तो नियम."

"मग जा, वासिसला तोंडावर सांगून या."

ते काही गेले नाहीत. एकोणतिसाव्या दिवशी मात्र त्यांना युक्ती सुचली. सुंडुल! आमच्याकडे एखादा धागा खाली बुडायला लागला, की कुणीतरी येऊन नुसतं ‘सुंडुल’ लिहून जातं. चेंडूला डोक्याने टोला द्यावा तसा धागा टुणकन वर येतो. कुणी आळशी ‘वर’ लिहितो, कुणी ‘ऊठ’.

"नऊ वर्षांचा भुस्सा भरलाय नुसता!" असं म्हणत त्यांनी एका शब्दाचे सगळे प्रतिसाद एका फटक्यात उडवले. पुन्हा भुस्सा साचू नये म्हणून पाचाहून कमी शब्दांचा प्रतिसाद यंत्राने घेऊच नये अशी सोय केली. आणि टापटिपीचा माणूस तो, कचरापेटीही रिकामी करून टाकली. दोन हजार दोनशे चौदा प्रतिसाद गेले.

"बघ, जागाच जागा!"

दुसऱ्या दिवशी वासिस विंकोचा खोका घेऊन स्कूटरवरून हजर झाला. नारळाच्या त्या वड्या अजून गरम होत्या.

"उपकार झाले," तो म्हणाला. वासिसच्या हिशेबी हे आठवड्याभराचं बोलणं.

"बसा हो. घ्या, तुम्हीच उघडा धागा," पाक सुतिक्नो तोंडात विंको कोंबत म्हणाले.

पहिलं पान. तळलेल्या टेंपेच्या सोयावड्यांचा फोटो. ‘अहो, जेवलात का?’ खाली कुणाचीतरी पाककृती. मग नारळाच्या रश्शातला मासा. ‘अहो, जेवलात का?’ खाली मिठाचं भांडण. वासिस पानं सरकवत गेला, मग उलटा मागे आला.

"माझं कुठंय?"

"तुमचं काय?"

"मी लिहायचो ना. ‘जेवलो’."

पाक सुतिक्नोंच्या घशात विंको अडकला. जेवलो. एकच शब्द! जहाजावर इंटरनेट थेंब थेंब यायचं आणि वासिसच्या तोंडातून बोलणंही तसंच. सहा वर्षांचे अठराशे चाळीस ‘जेवलो’ सुंडुलांबरोबर वाहून गेले होते.

"सहा वर्षं विचारतेय बिचारी," वासिस पडद्याकडे बघत म्हणाला, "आणि मी मेल्यानं एकदासुद्धा उत्तर दिलं नाही."

एन्दांगने विंकोच्या खोक्याचं झाकण लावून टाकलं.

फोरमवर हळहळ झाली. सगळे मिळून ‘जेवलो’ लिहून टाकू, असं पन्नास जण म्हणाले. वासिसने नकार दिला. "ती मला विचारतेय." तो घरी जाऊन स्वतःच बसला. पहिल्या प्रश्नाखाली त्याने लिहिलं, ‘जेवलो’. यंत्र म्हणालं, किमान पाच शब्द. त्याने फोन लावला.

"पाक, तुमचं यंत्र माझं उत्तर घेत नाही."

"आत्ता काढतो तो नियम! या क्षणी काढतो!"



"राहू दे," वासिस म्हणाला. "तिचीही हीच तक्रार होती."

आणि वासिस त्या त्या दिवशीचं आठवून लिहू लागला. ‘जेवलो. भात कच्चा होता, तुझ्यासारखा नव्हता.’ ‘जेवलो. इथे बर्फ पडतंय, तू बघायला हवी होतीस.’ काही दिवशी पाच शब्द पुरायचे. काही दिवशी एका प्रश्नाला तीन-तीन प्रतिसाद लागायचे. चार महिन्यांत धागा पुन्हा नऊ हजार नऊशेच्या पुढे गेला आणि फोरमने पुन्हा श्वास रोखला.

एका सकाळी एन्दांगला नवरा एकेक प्रतिसाद खोडताना दिसला.

"आता आणखी काय उडवताय?" ती ओरडलीच.

"भुस्सा."

तिने वाकून पाहिलं. ‘अ‍ॅडमिनची सूचना: कृपया विषयाला धरून बोला.’ नऊ वर्षांत त्यांनी या धाग्यात अशा सहाशे बारा सूचना दिल्या होत्या. या वेळी ते प्रत्येक वाचून, मगच खोडत होते.

शेवटची सूचना गेली आणि तेवढ्यात खाली वासिसचा नवा प्रतिसाद आला. कुस्तिनीच्या शेवटच्या प्रश्नाला. त्या दिवशी तिने फोटो टाकला नव्हता. इस्पितळातून नुसतं विचारलं होतं, ‘अहो, जेवलात का?’

‘नाही गं. त्या दिवशी घास उतरला नव्हता. तुला खोटंच सांगितलं होतं.’

सवयीने पाक सुतिक्नोंनी शब्द मोजायला घेतले, आणि मध्येच त्यांचा आकडा चुकला.